पान चौदावरचं शिखर

सिल्वासा,
११ जुलै १९८८

ती. रघुनाथमामांना,

नमस्कार. पत्ता आईकडून घेतला. आपली शेवटची भेट आईच्या साठीला झाली, तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता इथे सरकारी बांधकामाच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता आहे. पत्र कामाचं आहे, म्हणून मुद्दे क्रमाने लिहिते.

१. गलोंड्याच्या पुढे नदीकाठी कवडेश्वर महादेवाचं देऊळ आहे. त्याच्या सभामंडपाच्या भिंतींना तडे गेल्याची तक्रार आली आणि तपासणी माझ्याकडे आली.

२. देऊळ पाहिलं. ते एक नसून तीन आहेत. गाभारा काळ्या दगडाचा, बिनचुन्याचा. फार जुना आहे; किती, ते मला सांगता येणार नाही. त्याला एकही तडा नाही. पुढचा सभामंडप विटांचा. त्याच्या छताच्या लोखंडी गर्डरवर परदेशी कारखान्याचा छाप आहे, म्हणजे मंडप फार तर ऐंशी वर्षांचा. आणि मंडपाच्या डोक्यावर मागच्या वर्षी ओतलेलं काँक्रीटचं शिखर. ते जुनं दिसावं म्हणून काळं रंगवलं आहे आणि त्यावर ब्रशने शेवाळ काढलं आहे.

३. शिखर साडेसात घनमीटर, वजन अठरा टन. मंडपाची भिंत हे वजन उचलण्यासाठी बांधलेली नाही.

४. शिखर गाभाऱ्यावर असतं, मंडपावर का बांधलं, असं मी समितीचे अध्यक्ष विश्वनाथशेठ यांना विचारलं. त्यांचा सुताचा कारखाना आहे. ते म्हणाले, “बेन, रस्त्यावरून मंडपच दिसतो ने.” मग विचारलं, मुळात बांधलं कोणाच्या सल्ल्याने? “सल्ला कसला? इतिहास आहे!” असं म्हणून त्यांनी कपाटातून एक पुस्तिका काढली. ‘श्रीकवडेश्वर : इतिहास व माहात्म्य’. लेखक तुम्ही. पान चौदा, परिच्छेद दुसरा : ‘या देवळास एकवीस हात उंच असे गगनचुंबी शिखर होते. परकीय अमदानीत ते नष्ट झाले.’

५. कृपया या वाक्याचा आधार कळवावा.

आपली,
कावेरी


धुळे,
१९ जुलै १९८८

चि. कावेरी हीस रघुनाथमामाचे आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या मामीने वाचले आणि विचारले, “हे भाचीचे पत्र आहे की टेंडर?” मी म्हणालो, अगं, नव्या पिढीचे प्रेम असेच क्रमांक घालून येते.

आधार विचारलास, आनंद झाला. छत्तीस वर्षे इतिहास शिकवला, पण आधार विचारणारा एक विद्यार्थी मिळाला नाही. तर पहिला आधार म्हणजे तेथील पुजारी भगवंतबुवा यांचे पोस्टकार्ड. त्यात ‘देऊळ अतिशय पुरातन असून आपण लवकर लिहावे’ असे स्पष्ट म्हटले आहे. दुसरा आधार तर्काचा. पुरातन शिवालयाला शिखर असतेच. आज ते नाही. म्हणजे ते गेले. गेले म्हणजे कोणीतरी घालवले. यात चूक कोठे आहे ते दाखव. एकवीस हा आकडा माझा, पण कमी लिहिणे देवाला शोभले नसते.

मी स्वतः तेथे गेलेलो नाही, हे कबूल. गुडघे. पण इतिहासकाराने जागेवर गेलेच पाहिजे असे नाही. जागेवर गेला की माणूस दिसेल तेवढेच लिहितो.

शेठजींनी माझ्या एका वाक्यावर अख्खे शिखर उभे केले हे मात्र तुझ्याकडूनच कळले. दोन वेळा वाचले. आमच्या शाळेने माझ्या नावाची पाटीसुद्धा लावली नाही.

दुसरी आवृत्ती काढायची आहे. तू जागेवर आहेस हा दैवयोग. ते ऐंशी वर्षांचे सध्या कोणाजवळ बोलू नकोस.

तुझा,
रघुनाथमामा

ता. क. नाशिकच्या भास्करची पत्रिका पाठवत आहे. मुलगा इंजिनिअरच आहे. दोघे मिळून तडे मोजाल.


सिल्वासा,
६ ऑगस्ट १९८८

ती. मामांना नमस्कार.

ता. क. संबंधी : नको. पत्रिका परत पाठवत आहे.

शिखर उतरवायचं तर समिती पुरावा मागते. म्हणून आज मंडपाच्या तड्यांवर चार काचपट्ट्या बसवल्या. पद्धत सोपी आहे. बोटभर रुंदीची पातळ काच तड्यावर आडवी ठेवायची आणि तिची टोकं तड्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरने पक्की करायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच फुटते. प्रत्येक पट्टीखाली लाल रंगाने क्रमांक आणि आजची तारीख लिहिली. दर महिन्याला मी येऊन बघणार. सहा महिने चारही शाबूत राहिल्या तर भिंत स्थिर, मग महाशिवरात्रीच्या यात्रेला हरकत नाही. एक जरी फुटली तर मंडप बंद, शिखर खाली. लोक आपापल्या सोयीने बोलतात. काचेला मत नसतं.

हे सगळं समितीला पत्राने कळवलं आहे. ऑफिसच्या नियमाप्रमाणे पत्र इंग्रजीत आहे.

भगवंतबुवा दिवसभर मागे उभे होते. साठीचे आहेत, मूळचे चिपळूणकडचे.

“बाई, बसवण्याआधी नारळ फोडू?”

“फोडा. भिंतीवर नको.”

“हिला हात कोणी लावायचा?”

“कोणीही नाही.”

“सोवळ्यातल्याने?”

“सोवळ्यातल्यानेही नाही.”

बुवांचं समाधान झालं. “म्हणजे कडक आहे,” म्हणाले. काच कशासाठी, ते मी त्यांना सांगितलं नाही. कारण सांगितलं की चर्चा होते.

तुमच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी : मंडपाच्या ईशान्य कोपऱ्यात, तीन नंबरच्या पट्टीखाली, भिंतीला पाठ टेकून चिमाबाई नावाची वारली बाई बेल विकते. सत्तरीच्या पुढे असावी. तिला देवळाचा इतिहास विचारला. ती म्हणाली, “देव उघडाच होता. आजी सांगे. लाकडाचा ठेकेदार पाया पडाया आला नि भिजला, तवा छप्पर आलं. देवाला पाऊस चालतो, ठेकेदाराला नाय चालत.” आणि : “कदी कदी शिवरातीला मुखवटा वडाखाली आणीत. समदी तिथंच बसत.”

गर्डरवरच्या छापाशी हे जुळतं.

कावेरी


धुळे,
२८ सप्टेंबर १९८८

चि. कावेरीस आशीर्वाद.

बेल विकणाऱ्या बाईची आजी हा पुरावा नव्हे, बाळ. इतिहासाला शिस्त असते. शिलालेख, ताम्रपट, निदान एखादे छापील पुस्तक लागते. छापील पुस्तक म्हणशील तर सध्या माझेच आहे. शिवाय उघड्यावरचा देव वाचायला कोण पुस्तिका घेईल?

दुसऱ्या आवृत्तीत पुढील वाक्य घालण्याची परवानगी दे : ‘तज्ज्ञ अभियंत्यांनी आधुनिक काचेच्या साहाय्याने तपासणी केली असता देवळाचे पुरातनत्व सिद्ध झाले.’ यात खोटे काही नाही. तू तज्ज्ञ आहेस, काच आहे, आणि देऊळ पुरातन आहेच.

शेठजींचे पत्र आले. मला सत्काराला बोलावत आहेत. गाडी पाठवणार म्हणतात. गाडी आली तर गुडघ्यांचा प्रश्न राहत नाही.

रघुनाथमामा


सिल्वासा,
८ फेब्रुवारी १९८९

ती. मामांना नमस्कार.

तुमच्या वाक्याला परवानगी नाही. काच वय सांगत नाही.

सहा महिने पूर्ण झाले. आज सहावं निरीक्षण केलं. चारही पट्ट्या शाबूत. अहवालात लिहिलं : ‘हालचाल आढळली नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेस हरकत नाही.’ सही केली. माझा हिशेब सांगत होता की भिंत सरकेल. ती सरकली नाही. हिशेबापेक्षा निरीक्षण मोठं, असं आम्हाला शिकवलं आहे, म्हणून मी माझं मत मागे घेतलं. विश्वनाथशेठनी पेढे दिले. मी एक घेतला.

किरकोळ नोंदी. दिवाळीत समितीने तडे पुट्टीने बुजवून भिंत रंगवली. पट्ट्या तेवढ्या सोडल्या. मी लेखी आक्षेप घेतला, पण काच शाबूत होती म्हणून पुढे वाढवलं नाही. पट्ट्यांना हळदकुंकू लागतं; ते मी बाजूला लावायला सांगितलं आहे. तीन नंबरखालच्या तारखेचा रंग बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतो. बुवा रोज पुसत असावेत.

पुढची यात्रा सोमवारी, ६ मार्चला. भंडाऱ्याच्या पंगती मंडपातच बसतात. एका वेळी चारशे माणसं, आणि ढोल.

कावेरी


धुळे,
२७ फेब्रुवारी १९८९

चि. कावेरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बघ, येऊन गेलो! शेठजींची गाडी गुरुवारी अचानक दारात उभी राहिली. तुला पत्र टाकायला वेळच मिळाला नाही. तुझ्या ऑफिसात चौकशी केली, तर तू तीन दिवस दमणला मीटिंगला गेलेली. तुझ्या हाताखालचा समाधान नावाचा आमच्या साक्रीकडचा मनुष्य भेटला. फार अदबीचा. “बाई हसत नाहीत, पण मोजमाप एक नंबर,” म्हणाला.

शुक्रवारी, संकष्टीला, मंडपात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, ढोल. शिखर प्रत्यक्ष पाहिले. काय सांगू! शेवाळसुद्धा हुबेहूब. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आता मुख्य गोष्ट. तू मला देवळातली सर्वांत मोठी गोष्ट कळवलीच नाहीस! तुझ्या त्या काचा. त्यांतली ईशान्येची काच जागृत आहे. भगवंतबुवांनी सांगितले की देव भक्तांचा ताप त्या काचेवर घेतो. सणाच्या दिवशी, गर्दी झाली, ढोल वाजू लागले की ती आपोआप तडकते. माझ्यासमोर तडकली! माझ्या सत्काराचे भाषण चालू असताना ‘टक्’ असा आवाज झाला. सर्वांनी हात जोडले. मी भाषण आवरते घेतले, कारण याहून मोठी दाद कोणती?

फुटकी काच देवापुढे ठेवणे अशुभ, हे तुला सांगायला नको. म्हणून बुवा त्याच संध्याकाळी नवी बसवतात. काच आणि पांढरे सिमेंट शेठजींच्या कारखान्यातून येते. तारीख मात्र तुझीच पुन्हा रेखतात. बुवा म्हणाले, “प्रतिष्ठापनेची तारीख बदलत नाही.” किती श्रद्धा! आणि किती शिस्त! त्यांनी प्रत्येक वेळेची तिथी वहीत टिपून ठेवली आहे. दुसऱ्या आवृत्तीसाठी उतरवून घेतली, ती अशी :

गोकुळाष्टमी. दसरा. कार्तिकी एकादशी. चंपाषष्ठी. संक्रांत. पौष वद्य एकादशी. रथसप्तमी. माघी पौर्णिमा. संकष्टी.

एकूण नऊ वेळा. नवविधा भक्तीचा आकडा! शिवरात्रीला दहावी वेळ नक्की, असे बुवा म्हणतात. लोक ते बघायला मुद्दाम त्या कोपऱ्यात बसणार आहेत.

चिमाबाईलाही भेटलो. तिने मला बेल दिला आणि गुडघ्याला कसलेसे पान बांधायला सांगितले. बाई चांगली आहे. पुरावा नव्हे.

तुझा,
रघुनाथमामा


सिल्वासा,
गुरुवार, २ मार्च १९८९

ती. मामांना,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. हे पत्र समाधानबरोबर पाठवत आहे. तो संध्याकाळच्या एसटीने निघून उद्या सकाळी तुमच्याकडे पोचेल. उत्तर त्याच्याच हाती द्यावं. टपालाने उशीर होईल.

तुमची यादी पंचांग घेऊन तारखांत मांडली. दोन फुटींमधले दिवस : ४७, ३१, २५, ३०, १९, ११, ७, ४.

हे देवाचं काम नाही. भिंत सरकते आहे, आणि आता दर चार दिवसांनी. माझे सहाही अहवाल चुकीचे आहेत. मी दर वेळी नवी काच तपासत होते.

आज केलं ते :

१. देवळात गेले. पुट्टी खरवडली. तीन नंबरचा तडा ऑगस्टमध्ये दोन मिलिमीटर होता, आज तेवीस आहे. बुवांना विचारलं, हात लावू नका म्हटलं होतं ना? ते म्हणाले, “शाबूत काचेला कधी लावला नाही, बाई. फुटल्यावर ती तुमची काच राहिली कुठे? केर झाला.” 

२. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, अहवाल मागे घ्यायचा तर फाइल वर पाठवावी लागेल, आणि फाइल दमणला आहे. सोमवारच्या आत शक्य नाही. शिवाय यात्रेला पाहुणे मोठे आहेत.

३. विश्वनाथशेठकडे गेले. त्यांनी माझाच अहवाल दाखवला. “बेन, कागद तुमचा, सही तुमची. आता देवाला काय सांगू, इंजिनिअरबेनचा मूड बदलला?” मी ऑगस्टच्या पत्राची आठवण केली. ते पत्र पाकिटासकट फाइलला लावलेलं आहे. उघडलेलं नाही.

४. चिमाबाईला त्या कोपऱ्यातून उठायला सांगितलं. ती म्हणाली, “मंग बेल कुठं इकू?” सोमवारी ती आणि तिच्या पाड्यावरच्या बायका तिथेच बसणार.

या गावात माझ्या सहीपेक्षा तुमच्या छापील वाक्याचं वजन जास्त आहे. ते अठरा टन आहे, मी मोजलं आहे. म्हणून तुम्ही समितीला लिहावं. खाली मसुदा देत आहे :

‘नवीन संशोधनात असे आढळले आहे की कवडेश्वराचा मुखवटा दर महाशिवरात्रीस वडाखाली बसविण्याची अनादि परंपरा होती. त्या दिवशी मंडपात कोणीही पाऊल ठेवू नये अशी देवाची आज्ञा आहे. शिखर पुन्हा उभे राहिले. आता परंपराही पुन्हा सुरू झाली पाहिजे.’

या मसुद्यात तीन शब्द खोटे आहेत : ‘दर’, ‘अनादि’ आणि ‘आज्ञा’. चिमाबाईने ‘कधी कधी’ म्हटलं होतं. मला दुसरा मार्ग दिसत नाही.

कावेरी


धुळे,
शुक्रवार, ३ मार्च १९८९

कावेरी,

पत्र वाचून प्रथम संताप आला. मी, रघुनाथ, बिनपुराव्याचे वाक्य लिहू? एका बेलवालीच्या ऐकीव गोष्टीवर परंपरा उभी करू? तुझ्या मामीला तसे मोठ्याने म्हणालो. मामी शेवया वळत होती. मान वर न करता म्हणाली, “मग शिखर कशावर उभं केलं होतं?”

मी तुझे पत्र पुन्हा उघडले.

समाधान ओट्यावर चहा पीत होता. त्याला विचारले, बाई रागावल्या आहेत का रे? तो म्हणाला, “नाही जी. बाईनं पाकीट बंद केलं, उघडलं, परत बंद केलं. चार टाइम. मग मले म्हने, समाधान, एसटीत झोपू नको. मी दोन साल काम करून ऱ्हायलो, बाईनं एकदा मोजलेलं कधी परत मोजलं नाही.”

हे तू पत्रात लिहिले नव्हतेस. पाच मुद्दे लिहिलेस तरी हे लिहिले नसतेस.

एकवीस हात मी या टेबलावर बसून लिहिले. लिहायला एक मिनिट लागले असेल. त्या वेळी ते कोणाच्या डोक्यावर पडेल असे वाटले नव्हते. इतिहास डोक्यावर पडत नाही, अशीच समजूत होती.

शेठजींना आणि बुवांना वेगळी पत्रे लिहून समाधानजवळ दिली आहेत. तुझा मसुदा फार कोरडा होता, सुधारला. ‘पाऊल ठेवू नये’च्या पुढे ‘ठेवल्यास व्यापारात खोट येते’ असे घातले. शेठजींसाठी.

मामा


सिल्वासा,
९ मार्च १९८९

ती. मामांना सादर नमस्कार.

समाधान शनिवारी संध्याकाळी पोचला. तो एसटीत झोपला नाही.

विश्वनाथशेठनी तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं आणि व्यापाराच्या ओळीपाशी खाली बसले. रविवारी सकाळी मंडपाच्या तोंडाला दोरखंड बांधला. बांधणारे बुवा. आमच्या ऑफिसचा ‘धोका’ लिहिलेला फलक मी नेला होता. तो लोकांनी बाजूला सारून त्यावर चपला ठेवल्या. बुवांनी दोराला पाच बेलाची पानं बांधली. त्या दोराखालून कोणी गेलं नाही.

सोमवारी मुखवटा वडाखाली बसला. पंगती उघड्यावर झाल्या. ऊन होतं, तक्रारी झाल्या. एक बाई म्हणाली, “सावली सोडून इथं कशाला?” तिला उत्तर द्यायला चार जण पुढे आले, चौघांनी वेगवेगळी शतकं सांगितली. चिमाबाई वडाखाली पाटी घेऊन बसली होती. मला म्हणाली, “सांगितलं व्हतं ना तुला.” मी हो म्हटलं.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी शेठनी मला ऐकू जाईल असं म्हटलं, “उगाच तापवलं लोकांना.”

काल, बुधवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ईशान्येची भिंत गेली, आणि तिच्यामागून सगळा मंडप. बुवा ओढ्यावर भांडी घासत होते. आत कोणी नव्हतं. गाभाऱ्याला ओरखडा नाही.

शिखर मात्र अख्खं खाली आलं. अंगणात सरळ उभं आहे, तीन अंश कललेलं. त्याला एकही तडा नाही. काँक्रीट उत्तम होतं. सकाळी गेले तेव्हा त्याला हार घातलेला होता. देव शिखरावरून स्वतः उतरला, असं म्हणतात.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तरात दोषाचं कारण असं लिहिलं आहे : ‘काच कशासाठी बसवली हे तिच्याजवळ रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला मी सांगितलं नाही.’ साहेबांनी हे वाक्य काढायला सांगितलं. मी काढलं नाही.

तुमचे आभार. समाधानने सांगितलेला पाकिटाचा तपशील अचूक नाही. त्या दिवशी डिंक नीट चिकटत नव्हता.

तुमची,
कावेरी


धुळे,
१७ जानेवारी १९९४

चि. कावेरीस आशीर्वाद.

नाशिकला बदलून गेलीस तेव्हापासून तुझी पत्रे आखूड झाली. आधी तरी कुठे लांब होती म्हणा.

कवडेश्वराची तिसरी आवृत्ती निघत आहे. पान चौदा पूर्ण नवे लिहिले. मुद्रित सोबत पाठवतो. या वेळी तुझ्याकडून तपासून घेतल्याशिवाय छापायचे नाही असे ठरवले आहे. मामीनेच ठरवले. जागेवर जाऊन बघ आणि मग काय ते लिही. मी नव्वद सालापासून तीनदा गेलो. चिमाबाईचे पान गुडघ्याला लागू पडते. तिचे नाव आता आधारग्रंथांच्या यादीत घातले आहे.

जे खोडशील ते खोडीन.

तुझा,
मामा


नाशिक,
१४ फेब्रुवारी १९९४

ती. मामांना सादर नमस्कार.

शनिवारी जाऊन आले.

मंडपाच्या जागी आता लोखंडी खांब आणि पत्रे आहेत. हलकं आणि ठीक आहे. शिखर अंगणात कठड्याच्या आत आहे, अजून तीन अंशच. त्यावर आता खरं शेवाळ आलं आहे. गाभारा होता तसाच.

बडोद्याहून आलेल्या एका कुटुंबाला बुवा इतिहास सांगत होते. मी मागे उभी राहून ऐकला. गाभाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर एक काचपट्टी आहे, हळदकुंकू बाजूला लावलेलं. बुवा म्हणाले, “अकराव्या शतकापासून इथे काचेचा कौल आहे. काच फुटली की बदलायची नाही. त्याच क्षणी देव बाहेर वडाखाली, दाराला दोर, आणि इंजिनिअर येऊन बघेपर्यंत कोणी आत जायचं नाही. शास्त्र आहे.”

त्या कुटुंबातल्या आजोबांनी विचारलं, “अकराव्या शतकात इंजिनिअर?”

“त्या वेळी वेगळ्या नावाने असत,” बुवा म्हणाले.

ते गेल्यावर मी बुवांना म्हटलं, “पट्टी मी बसवली, बुवा. मंडप पडल्यावर, एकोणनव्वद साली. तारीख मी लिहिली होती.”

बुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “मला ठाऊक नाही का, बाई? पण सरकारने लावली म्हणून सांगितलं, तर पाळील कोण?”

मी चौकट तपासली. काच शाबूत आहे, आणि ती मूळचीच आहे. या वेळी कोपऱ्यात मी खूण केलेली होती. चिमाबाईने बेल दिला. वडाखालीच बसते.

मुद्रित वाचलं. पान चौदावर काचेच्या कौलाच्या सव्वीस ओळी आहेत, बुवा सांगतात तशाच. त्यांतल्या एकवीस खोट्या आहेत.

पान चौदा : दुरुस्ती नाही.

कावेरी